नवरा सोलापुरात, बायको पुण्यात

रविवार, 16 नोव्हेंबर 2025

ऑफर लेटर हातात पडलंय. 1 डिसेंबरपर्यंत हो की नाही ते कळवायचं. घरात प्रत्येकाने आपलं मत देऊन झालंय. माझंच मत मला अजून धड सांगता येत नाही, म्हणून आज वही काढली.

नोकरी पुण्याजवळ भोसरीला आहे, एका फ्रेट फॉरवर्डिंग कंपनीत, म्हणजे दुसऱ्यांचा माल परदेशी पोचवून देणाऱ्या. काम एक्सपोर्ट डॉक्युमेंटेशनचं, म्हणजे इथे करते तेच. फरक एवढाच की इथे फक्त टॉवेल, तिथे मशीनचे सुटे भाग, औषधं, द्राक्षं, सगळंच. पगार हातात 46,000. इथे सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात अकरा वर्षं काढल्यावर 27,000 मिळतात.

मला हे काम मनापासून आवडतं, हे आधी लिहून ठेवते, कारण पगाराच्या बोलण्यात ते मागे पडतं. इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, कस्टमसाठीचं शिपिंग बिल, जहाज कंपनीची पावती म्हणजे बिल ऑफ लेडिंग. चारही कागदांवर कार्टनचा आकडा, नेट वजन, ग्रॉस वजन, खरेदीदाराचं नाव, सगळं अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. एका कागदावर ग्रॉस वजन चुकलं की न्हावा शेवा बंदरात कंटेनर अडकतो आणि रोजचं भाडं चढायला लागतं. इथून गाडी निघायच्या आधी मी कागद छापून, पट्टी ठेवून ओळ-ओळ ताडून बघते. पडद्यावर नजर चुकते, कागदावर चुकत नाही. नव्या कंपनीच्या मुलाखतीत हेच विचारलं होतं, आणि बोलता बोलता माझी भीड गेली. बऱ्याच वर्षांनी कुणीतरी माझ्या कामाबद्दल इतकं बारकाईने विचारत होतं.

ऑगस्टपासून कारखान्यात शांतता आहे. 27 ऑगस्टला अमेरिकेने आपल्या मालावरची जादा ड्युटी 50 टक्क्यांवर नेली आणि टेरी टॉवेलच्या ऑर्डरी थांबल्या. तयार माल गोदामात कार्टन बांधून पडलाय. रात्रपाळी बंद आहे. मालकांनी एकाही माणसाला काढलं नाही, हे त्यांचं मोठेपण. पण मी रोज ऑफिसात जाऊन जुन्या फायली लावते, आणि एरवी वेळ पुरत नाही अशा जागी बसून घड्याळाकडे बघणं मला सोसत नाही.

बुधवार, 19 नोव्हेंबर

आज हिशेब केला. यांनी कॅल्क्युलेटर धरला, मी लिहिलं.

मोशीला वन बीएचके, भाडं 14,000, डिपॉझिट 50,000. मेसचा डबा किंवा घरचा गॅस, बसचा पास, दर आठवड्याचं सोलापूरचं जाणं-येणं. सगळं वजा जाता हातात इथल्यापेक्षा फार तर तीन-चार हजार जास्त उरतात. ओळखीच्या दोघी-तिघींसोबत खोली घेतली तर आठ-नऊ. पुण्याचा पगार म्हणून जो आकडा लोकांच्या डोळ्यात भरतो, त्यातला निम्मा पुणंच ठेवून घेतं.

ग्रॅच्युइटी मिळेल. बेसिक आणि डीए मिळून 16,000, गुणिले 15, भागिले 26, गुणिले 11 वर्षं. लाखाच्या थोडं वर. त्यातून डिपॉझिट निघेल, बाकीचे लेकीच्या नावावर ठेवायचे. पीएफ काढायचा नाही, तोच यूएएन, म्हणजे पीएफचा नंबर, पुढे चालवायचा. दहा वर्षं पूर्ण झाल्यामुळे पेन्शनचा हक्क पक्का झालाय, तो कुठे जात नाही.

हे माध्यमिक शाळेत शिक्षक आहेत, अनुदानित, कायम. त्यांची नोकरी उचलून पुण्याला नेता येत नाही, आणि ती सोडावी असं कुणी म्हणणारही नाही. म्हणजे गेले तर मी एकटी जाणार.

इथेच सगळं अडतं. आमच्या गल्लीत निम्म्या घरांतली कर्ती माणसं पुण्यात आहेत. चाकण, रांजणगाव, हिंजवडी. शनिवारी रात्री येतात, रविवारी जातात. त्यांच्या बायका पोरं सांभाळतात, पाणी येण्याच्या दिवशी पिंपं भरतात, सासऱ्यांना दवाखान्यात नेतात. कुणी म्हणत नाही की संसार मोडला. उलट 'पुण्याला आहेत' हे सांगताना आवाज जरा चढतो. मी जाते म्हटल्यावर मात्र पहिला प्रश्न येतो, 'आणि पोरीचं काय?' नणंदेने विचारलं, शेजारच्या काकूंनी विचारलं, ऑफिसातल्या मैत्रिणीने विचारलं. पोरीचा बाप इथेच आहे, शाळेतून तिच्या आधी घरी येतो, तिची गणितं तोच घेतो. तरी प्रश्न माझ्याकडेच.

मला या प्रश्नाचा राग येतो. आणि रात्री ती झोपल्यावर तोच प्रश्न मीही स्वतःला विचारते.

शनिवार, 22 नोव्हेंबर

काल रजा टाकून पुण्याला जाऊन आले. सकाळी साडेसहाची हुतात्मा एक्स्प्रेस. खिडकी मिळाली. कुर्डूवाडीपर्यंत डब्यात सगळे पेंगत होते, मग चहा आला आणि बोलणी सुरू झाली. समोरची बाई दर पंधरा दिवसांनी मुलाकडे वाकडला जाते. बरोबर कडक भाकरी, शेंगाची चटणी, नातवाला धपाटे. 'तिकडं मिळत न्हाई का?' असं एकाने विचारलं, तर म्हणाली, 'मिळतंय की, पन माज्या हातचं कुटं मिळतंय.'

भिगवणच्या अलीकडे उजनीचं पाणी दिसायला लागलं. यंदा पाऊस भरपूर, धरण तुडुंब आहे. मुळा-मुठेचं पाणी भीमेतून याच धरणात येतं, आणि आमच्या नळाला याच धरणातून शंभरावर किलोमीटर लांबीच्या पाइपलाइनने येतं. पुण्याने वापरून सोडलेलं पाणी आम्ही चार-पाच दिवसांतून एकदा पिंपात भरून ठेवतो. दरवर्षी हजारो पोरं पुण्याला पाठवणाऱ्या शहराला रोजचं पाणी मिळू नये, याचं मला फार वाईट वाटतं. कापडगिरण्या गेल्या, त्यांच्या जागी तेवढं मोठं काहीच उभं राहिलं नाही. मी जाणार ती काही फक्त माझ्या मनाची धाव नाही.

मोशीची खोली पाहिली. तिसरा मजला, उजेड बरा. पिंपरी-चिंचवडमध्येही 2019 पासून पाणी एक दिवसाआडच आहे, घरमालकीण म्हणाली, कमी पडलं की सोसायटी टँकर मागवते. मला हसू आलं. पाण्यासाठी तरी मला नवीन काही शिकावं लागणार नाही.

ऑफिसात साहेबांना भेटले. दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी. बाकीच्या शनिवारी पाचला सुटले तर सातनंतरची वंदे भारत गाठता येईल, अकराच्या सुमारास घरी. रविवारी दुपारची इंटरसिटी धरून परत. म्हणजे साध्या आठवड्यात लेक मला दिसणार रविवारी सकाळी उठल्यापासून जेवणापर्यंत. हे मी तिथे खुर्चीत बसल्या बसल्या मोजलं आणि घशात दाटून आलं. साहेबांनी पाणी दिलं, काही विचारलं नाही.

गुरुवार, 27 नोव्हेंबर

आज आत्याबाईंशी, म्हणजे सासूबाईंशी, बोलले. त्यांच्याशी बोलायचं मी टाळत होते.

आत्याबाईंनी पस्तीसएक वर्षं बिड्या वळल्या. मांडीवर सूप, त्यात ओलं केलेलं तेंदूपान आणि तंबाखू, पत्र्याचा तुकडा पानावर ठेवून कात्रीने कापायचं, तंबाखू भरून वळायचं, टोक मुडपून दोरा बांधायचा. दिवसाला हजार. बिडी कारखान्याच्या ब्रँचवर नेलं की मुकादम बाजूला काढेल ती छाट, तिचे पैसे नाहीत. आजही टीव्ही बघताना त्यांचा अंगठा आणि पहिलं बोट आपोआप फिरत असतं. यांचं बीए-बीएड त्या हजारांवर झालं.

मी वही घेऊन बसले होते. त्या म्हणाल्या, 'काय लिवायलालीस इतकं?' मी सांगितलं, जायचं का राहायचं ते लिहून बघतेय.

बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, 'मी घरातच हुते की गं. सारा दिस घरात. पन पोरगं मांडीवर येऊन बसायला लागलं की ढकलायची मी. हजार भरायचे असायचे. घरात असून बी पोराला येळ न्हवता माज्याकडं. तू जा. पोरगी हाय माज्याकडं. पन येक कर, रोज राती फोनवर तिला तोंड दाव. आवाजानं भागत न्हाई.'

मी काहीच बोलू शकले नाही. त्यांचा हात धरला. अंगठ्याला अजून घट्टा आहे.

रात्री यांना सांगितलं. हे म्हणाले, 'आई तुला पाठवते म्हणजे मी कोण अडवणार?' मी म्हटलं, असं नको. तुमचं स्वतःचं काय आहे ते सांगा. मग ते खरं बोलले. त्यांना भीती वाटते की मी तिकडे रमेन आणि इथलं सगळं मला लहान वाटायला लागेल. मी त्यांना वचन वगैरे दिलं नाही. रमणार तर आहेच, रमायलाच चाललेय. पण शनिवारी रात्री स्टेशनवर तुम्ही गाडी घेऊन उभे असलात की मला बरं वाटेल, एवढं म्हटलं. ते म्हणाले, 'ते सांगायला पाहिजे का?'

रविवार, 30 नोव्हेंबर

लेकीला सांगितलं. तिने आधी दोन गोष्टी विचारल्या. तिच्या डब्याला आजी रोज भाकरी देणार का, आणि मी गड्ड्याला, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वराच्या यात्रेला, असणार का. भाकरीचं आजीशी बोलून ठरवू म्हटलं. गड्ड्याचं मी आधीच बोलून ठेवलंय. अक्षता सोहळा, नंदीध्वज, होम मैदानावरचं शोभेचं दारूकाम, सगळं बघून मगच जाणार. रुजू व्हायची तारीख 19 जानेवारी, सोमवार. साहेब लगेच हो म्हणाले, त्यांची आजी सोलापूरची निघाली.

तर मी जातेय. जूनपर्यंत एकटी. लेकीची शाळा वर्षाच्या मधेच बदलायची नाही, दाखला काढायचा की नाही ते एप्रिलमध्ये तिघं-चौघं बसून ठरवू. जूनमध्ये असं वाटलं की हे जमत नाही, तर परत यायचं, आणि परत आले म्हणून कुणी मला काही बोलायचं नाही, असं यांच्याकडून कबूल करून घेतलंय. पुरुषांना अशी मुभा सहज मिळते. मी मागून घेतली.

आत्ताच होकाराचा मेल पाठवला. उद्या सकाळी राजीनामा टाइप करायच्या आधी मालकांना समोर बसून सांगायचंय. अडचणीच्या दिवसांत त्यांनी आम्हाला सांभाळलं, त्यांना हे मेलवरून कळायला नको. नोटीस महिन्याची आहे, पण मी गड्ड्याच्या आदल्या आठवड्यापर्यंत येईन म्हणणार. हाताखालच्या मुलीला एलसीचे, म्हणजे बँकेच्या पैशाच्या हमीचे, कागद वाचायला अजून नीट येत नाही. तिला रोज एक जुनी फाइल द्यायची, छापून, पट्टीसकट.