कातळाचे सांधे, माणसांची चाल : आमची वाटचाल

जळगावात आमच्या फर्मची सुरुवात काँक्रीटचे ठोकळे, खडी आणि मुरूम तपासणाऱ्या छोट्या प्रयोगशाळेने झाली आणि आजही पगाराची बाजू तीच सांभाळते. घाटांच्या कामाकडे आम्ही वळलो ते ३१ ऑगस्ट २०२१ नंतर. त्या दिवशीच्या अतिवृष्टीत चाळीसगावात पूर आला आणि कन्नड घाटात दरडी कोसळून वाहतूक थांबली.

आपला काळा पाषाण यंत्राखाली भरपूर दाब सोसतो, त्यामुळे त्याच्या कापलेल्या कड्याविषयी सहज खात्री वाटते. पण हा पाषाण म्हणजे बेसाल्ट, आणि तो लाव्ह्याच्या थरांवर थर साचून बनला आहे. कुठे दोन थरांमध्ये लाल मातीचा पट्टा असतो, कुठे मांजऱ्या नावाचा मऊ खडक लागतो आणि पाषाणालाही उभे सांधे, म्हणजे नैसर्गिक भेगा, असतात. एखादा सांधा रस्त्याच्या दिशेने कललेला असेल, त्याचा उतार घर्षणकोनाहून (ज्या उतारापर्यंत केवळ घर्षणाने खडक टिकून राहतो त्याहून) जास्त आणि कापलेल्या कड्याच्या उताराहून कमी असेल, तर त्यावरचा खडक घसरू शकतो. फटीत साचलेल्या पाण्याचा दाब उरलेला आधारही कमी करतो. खडक किती भक्कम आहे हे गुणांनी ठरवणाऱ्या बिनियाव्स्की यांच्या खडक-वर्गीकरणाच्या १९८९ च्या आवृत्तीत १०० पैकी १५ गुण खडकाच्या ताकदीला, तर ३० गुण सांध्यांच्या अवस्थेला आहेत. म्हणून आमची माणसे नमुना फोडण्याआधी होकायंत्र घेऊन सांध्यांचा कल, अंतर आणि त्यांत भरलेली माती नोंदवतात. हे काम वेळखाऊ आहे, त्याचे बिल मंजूर करून घेणे त्याहून अवघड. तरीही त्यात काटछाट करायला आम्ही तयार नाही.

पादचारी पुलांचे काम यात्रांमुळे आले. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी:६ या पुलांच्या संहितेत पुलावरील पदपथासाठी दर चौरस मीटरला ४०० किलो भार धरतात. मात्र तीर्थक्षेत्राजवळ किंवा मोठी यात्रा भरते तिथे तो ५०० किलो घ्यावा लागतो. सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा किंवा मुक्ताईनगरची गर्दी ज्याने पाहिली आहे, त्याला या तरतुदीचे कारण सांगावे लागत नाही.

भार पेलणारा पूलही चालण्याच्या लयीने हलू शकतो. माणूस सेकंदाला साधारण दोन पावले टाकतो आणि त्याचा आडवा झोका त्याच्या निम्म्या गतीने होतो. लंडनचा मिलेनियम पूल १० जून २००० रोजी खुला झाला, आडवा डोलू लागला आणि दोन दिवसांत बंद करावा लागला. झोके शोषणारी साधने बसवून तो २००२ मध्ये पुन्हा सुरू झाला. गर्दी तोल सावरताना नकळत पुलाच्या डोलण्याशी जुळवून घेते, आणि त्यामुळे डोलणे वाढत जाते. युरोपीय संहितेनुसार पुलाची उभी वारंवारता ५ हर्ट्झहून (सेकंदाला ५ झोक्यांहून) किंवा आडवी २.५ हर्ट्झहून कमी असेल, तर कंपनांची स्वतंत्र तपासणी करावी लागते. लांब आणि सडपातळ पादचारी पुलांना आम्हीही हीच मर्यादा लावतो. पूल रिकामा असताना आणि माणसे चालत असताना, अशी दोन्ही वेळची कंपने मोजून ती अहवालाला जोडतो. घाटातील सांध्यांची नोंद पावसाळ्याआधी एकदा आणि पावसाळ्यानंतर पुन्हा करतो.