रिओव्हानेसच्या किल्ल्यात रॅम्झा एकटा

‘फायनल फँटसी टॅक्टिक्स’ या व्हिडिओ गेममध्ये रिओव्हानेसच्या किल्ल्यापर्यंत तुमच्यासोबत चारजण असतात. कुणी पुढे जाऊन मार खातो, कुणी मागून जखमा भरतो, एखादी काळी जादू करणारी आग ओतत असते. दरवाजावरची लढाई जिंकलात की खेळाचा नायक रॅम्झा आत जातो आणि दालनात समोर शत्रू विग्राफ उभा. बाकीचे चौघे बाहेर. दोघंच समोरासमोर, आणि माझ्या खेळात तरी पहिली खेळी त्याचीच आली.

‘फायनल फँटसी टॅक्टिक्स’ खेळलेल्या माणसासमोर नुसतं ‘विग्राफ’ म्हणा, तो कपाळाला हात लावेल. मूळ खेळ १९९७चा, प्लेस्टेशनवरचा, दिग्दर्शक यासुमी मात्सुनो. ‘वॉर ऑफ द लायन्स’ नावाची सुधारित आवृत्ती २००७ला पीएसपी या हातात धरायच्या कन्सोलवर आली आणि नंतर मोबाइलवर. मी टॅबवर तीच खेळते. इचलकरंजीत आमचं औषधांचं दुकान आहे, दुपारी दोन ते चार तिथे चिटपाखरू फिरकत नाही. हा खेळ पाळीपाळीचा असल्यामुळे मध्येच कुणी क्रोसिन मागायला आलं तरी विग्राफ तलवार उगारून निमूट थांबतो. धावपळीचे, धडाधड बटणं दाबायचे खेळ मला जमत नाहीत आणि आवडतही नाहीत.

या खेळाचं वेड लावलं ते धाकट्या भावाने. तो पुण्याला असतो. प्रत्येक अडचणीवर त्याच्याकडे एकच औषध: “ताई, लेव्हल वाढव की!” म्हणजे छोट्या लढाया करत पात्रं बळकट कर. मला हे पटत नाही. एक तर रस्त्यात आडवे येणारे शत्रू तुमच्या लेव्हलबरोबरच वाढतात, त्यामुळे मैदानात तासन् तास पक्षी-प्राणी मारून पदरात फारसं पडत नाही. आणि दुसरं म्हणजे विग्राफ अंगबळाने जिंकतच नाही. तो जिंकतो घड्याळावर.

हे घड्याळ म्हणजे या खेळाचा जीव. प्रत्येकाचा एक आकडा असतो, सीटी. प्रत्येक टिकटिकीला त्यात त्या माणसाचा वेग मिळवला जातो आणि शंभर भरले की त्याची पाळी. वेग ८ असलेला तेरा टिकटिकींनी खेळेल, १० असलेला दहा टिकटिकींनी. खरी गंमत पुढे आहे. पाळीत चाललात आणि वारही केलात तर शंभर वजा होतात. दोन्हींपैकी एकच केलंत तर ऐंशी. काहीच केलं नाहीत तर फक्त साठ. म्हणजे नुसतं उभं राहणं हीसुद्धा खेळी आहे, कारण पुढची पाळी लवकर येते. मंत्रांचंही तसंच. मोठा मंत्र म्हणायला वेळ लागतो, तो पडेपर्यंत कुणाकुणाची पाळी येऊन जाईल ते पाळ्यांच्या यादीत बघून घ्यावं लागतं. शत्रूवर नेम धरून आगीचा मंत्र सुरू केलात आणि मध्ये त्याची पाळी आली, तर तो बेटा चालत येऊन तुमच्याच माणसांच्या घोळक्यात उभा राहतो. मग आग सगळ्यांवर.

आता विग्राफ. त्याच्या तलवारविद्येला मंत्रासारखी वाट बघावी लागत नाही, चार-पाच घरं लांबूनही वार बसतो आणि तो चुकवताही येत नाही. ढाल असून नसल्यासारखी. समोर उभं राहून ‘तू एक मार, मी एक मारतो’ केलंत तर हिशेब तुमच्या विरोधातच जातो.

माझी तयारी दोन गोष्टींची होती. पहिली, खेळातल्या ‘केमिस्ट’ या पेशातून शिकायची ‘ऑटो-पोशन’ ही सवय. मार बसला की माणूस आपणहून औषध पितो. पण तो पिशवीतलं सगळ्यांत हलकं औषध आधी काढतो. साधं पोशन ३० भरून देतं, हाय-पोशन ७०. म्हणून किल्ल्यात शिरण्याआधी मी साधी पोशनं झाडून विकली. मागच्या रांगेतला जुना माल आधी पुढे काढायचा, ही माझी रोजची दुकानदारी, तिथे ती नेमकी उलटी करायची. शिवाय ही सवय दर वेळी चालेलच असं नाही, ती चालते ब्रेव्हरीच्या, म्हणजे शौर्याच्या आकड्याच्या टक्क्यावर. ब्रेव्हरी ९७ असेल तर शंभरातल्या सत्त्याण्णव वेळा. ती वाढवायला एका ऑरेटरला, म्हणजे बोलघेवड्या पेशाच्या पात्राला, कैक लढायांमध्ये रॅम्झाचं कौतुक करत बसवावं लागतं, कारण लढाईत चार वाढली तर त्यातली एकच कायमची राहते. कंटाळवाणं काम आहे, पण मी केलं. ‘तू शूर आहेस’ असं इतक्या वेळा कुणी मला सांगितलं असतं तर मीही शूर झाले असते.

दुसरी गोष्ट ‘टेलविंड’. रॅम्झाचं स्वतःचं कौशल्य, वेग एकने वाढवणारं, आणि ते स्वतःवरही वापरता येतं. मग त्या दालनात माझं सुरू झालं. पळ, टेलविंड. पळ, टेलविंड. विग्राफ मागे. वार बसला की रॅम्झा घटाघट हाय-पोशन पितो आणि पुन्हा पळतो. पळता भुई थोडी म्हणतात ते शब्दशः, कारण दालन काही मोठं नाही. पहिल्या काही पाळ्यांत जीव टांगणीला लागलेला असतो. मग हळूहळू यादी बदलायला लागते. आधी रॅम्झा, विग्राफ, रॅम्झा, विग्राफ. मग विग्राफच्या एका नावामागे रॅम्झाची दोन नावं, मग तीन. ती यादी बघताना जे समाधान मिळतं, ते अख्ख्या खेळात मला दुसरीकडे कुठे मिळालं नाही. तोवर मी विग्राफला एकही वार केलेला नव्हता.

मग वार सुरू केले की खाली पडता पडता तो बेलियास नावाच्या राक्षसात बदलतो. बाकीचे चौघे येतात, त्याच्याकडूनही तीन भुतं उतरतात. तिथे भुतांच्या नादी लागू नये, बेलियास पडला की लढाई संपते. आणि वाढवलेला वेग तसाच राहतो, म्हणून हा दुसरा भाग पहिल्यापेक्षा झटपट उरकला.

पण मला विग्राफचा राग येत नाही. हा माणूस पन्नास वर्षांच्या युद्धात लढला. युद्ध संपल्यावर त्याच्यासारख्यांना पगार न देता घरी पाठवलं, म्हणून त्याने बंड केलं. बहीण मिलेउडा पहिल्याच भागात रॅम्झाच्या फौजेसमोर पडते, म्हणजे तुम्हीच तिला मारता. पुढे मरायला टेकलेला असताना तो एका मंतरलेल्या दगडाशी करार करतो. इतकं सगळं माहीत असताना त्याच्यापासून पळत फिरायचं. याची कथा लिहिणाऱ्याने शत्रू नुसता कठीण नाही केला, त्याला तक्रार दिली.

विग्राफनंतर किल्ल्याच्या छतावर आणखी एक लढाई आहे, त्याच्याइतकीच बदनाम. राफा नावाची मुलगी आपल्या हातात नसते, ती स्वतःच्या डोक्याने खेळते आणि मारेकऱ्यांच्या दिशेने सरळ धाव घेते. ती मेली की लढाई हरलात, कधीकधी तुमची पहिली पाळी यायच्या आत. हा मला अन्यायच वाटतो. विग्राफ कितीही त्रास देवो, तो तयारीला दाद देतो. राफाच्या बाबतीत बराचसा भाग नशिबाचा. तरी इथेही उपाय वेगाचाच: दोन मारेकरणींपैकी एकीला मरणपंथाला लावलं की त्या निघून जातात, म्हणून चपळ माणसं न्यायची.

चौथ्या भागात ऑर्लांडो मिळतो आणि खेळ सोपा होऊन जातो. थोर तलवारबाज, ज्याच्या अंगावर सोडाल तो गेला. मी त्याला तळावर बसवून ठेवलंय. भाऊ म्हणतो, “ताई, तुला वेड लागलंय.” तो स्वतः याच खेळाची २०२५ची नवी आवृत्ती, ‘इव्हॅलिस क्रॉनिकल्स’, खेळतोय. त्यात पाळ्यांचा क्रम पडद्यावर कायम दिसतो, कठीणपणाचे तीन स्तर आहेत आणि त्याने मधला घेतलाय. डॉर्टर शहरातल्या छपरांवरच्या तिरंदाजांनी त्याच्या नाकी नऊ आणलेत. मी त्याला लेव्हल वाढव म्हणाले नाही. उंचीवरून बाण लांब जातो, तर तूही आधी छपरावर चढ, एवढंच सांगितलं.

कुणी सुरू करणार असाल, तर रिओव्हानेसला निघण्याआधी एक वेगळं सेव्ह जरूर ठेवा. माझ्या आवृत्तीत दरवाजावरची लढाई संपली की सेव्ह करायला विचारतात, पण तिथून नकाशावर परत जाता येत नाही. एकच सेव्ह असेल आणि रॅम्झा कच्चा असेल, तर पुढचा रस्ता विग्राफमधूनच जातो.