जुनी फायबर होडी घरीच दुरुस्त करताय? आधी ट्रान्सम बघा

फायबरची होडी सडत नाही असं सगळे म्हणतात पण ते अर्धंच खरंय, कारण आतलं प्लायवूड सडतं ना, आणि सगळ्यात आधी ट्रान्समचं, म्हणजे मागची बाजू जिथे आऊटबोर्ड मशीन बसतं तिथलं. बोल्टच्या भोकातून पाणी शिरतं आणि बाहेरून काहीच दिसत नाही. हातोडीच्या दांड्याने ठोकत जा, टणक आवाज आला तर ठीक, बद्द आला की समजायचं आत ओल आहे, कापावंच लागणार.

आमच्या कोकणात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणून बरेच जण तेव्हाच काम काढतात, पण माझं स्पष्ट मत आहे की धंद्याचे थोडे दिवस गेले तरी चालतील, फायबरचं काम मे महिन्यातच उरका, ओल्या जागेवर रेझिन (फायबर चिकटवून घट्ट करणारा द्रव) धरत नाही. तडा गेला असेल तर भोवती जाडीच्या साधारण १२ पट रुंद उतार घासा, ॲसिटोनने पुसा, मग रेझिन लावून मॅट (काचतंतूंची चटई) बसवा.

आणि हे कळकळीने सांगतो, कोबाल्ट (हार्डनरचं काम लवकर करून देणारं द्रव्य) आणि हार्डनर (रेझिन घट्ट करणारं द्रव्य) कधीही थेट एकत्र करू नका, भडका उडतो! आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, मगच हार्डनर, तोही १ ते २ टक्केच. चष्मा लावाच, हार्डनरने डोळा जाऊ शकतो.

नवीन सामानात पहिला पैसा फ्लोट स्विचवाल्या बिल्ज पंपावर, म्हणजे तळाशी पाणी साचलं की आपोआप सुरू होऊन ते उपसणाऱ्या पंपावर घाला, वायर कथलाचा मुलामा असलेली तांब्याचीच घ्या, साधी खाऱ्या हवेत आतून हिरवी पडते. फिश फाइंडर नंतर.