एमओयूच्या फोटोत टर्नर नसतो

सातपूरच्या आमच्या शेडमध्ये कोणी नवीन माणूस आला की ठरलेला प्रश्न येतो, नाशिकला बसून जहाजाचं काय बनवता हो तुम्ही? प्रश्न बरोबर आहे. समुद्र इथून दीड-पावणेदोनशे किलोमीटर, मध्ये कसारा घाट, आणि आमच्या गल्लीत बाकी सगळे गाड्यांचे पार्ट करणारे. पण गंज मोजायच्या प्रोबची, म्हणजे पाण्यात ठेवायच्या सेन्सरची, बॉडी करायला समुद्र लागत नाही, चांगला लेथ लागतो आणि पाणी अडवणाऱ्या रबरी ओ-रिंगचा गाळा मायक्रॉनमध्ये धरणारा माणूस लागतो, आणि ती माणसं सातपूर-अंबडला आहेत.

बरेच दिवस यावर लिहायचं डोक्यात होतं कारण पेपरात सारखं वाचतो, अमुक संस्थेचा तमुक बंदराबरोबर करार (एमओयू), स्मार्ट सेन्सर, गंजावर लक्ष, शाल-श्रीफळ, फोटो. फोटोत दोन खुर्च्या असतात, एक संशोधन करणाऱ्याची आणि एक ज्याचं जहाज किंवा पूल आहे त्याची. माझं म्हणणं असं की हा धंदा दोन खुर्च्यांवर चालत नाही, किमान चार लागतात, आणि उरलेल्या दोन रिकाम्या राहिल्या की पहिल्या दोघांचा पैसा पाण्यात जातो. इथे तर अक्षरशः पाण्यात.

आधी आम्ही नेमकं काय करतो ते सांगतो. एक साधा प्रकार आहे, ईआर प्रोब म्हणतात, म्हणजे इलेक्ट्रिकल रेझिस्टन्स. स्टीलची पातळ पट्टी पाण्याकडे उघडी ठेवायची, गंजत गेली की जाडी कमी होते, जाडी कमी झाली की रेझिस्टन्स वाढतो, तो मोजायचा आणि त्यावरून किती स्टील गेलं ते काढायचं, बस. तापमानानेसुद्धा रेझिस्टन्स बदलतो म्हणून त्याच स्टीलची दुसरी पट्टी आत झाकून ठेवायची आणि दोघांची तुलना करायची. कागदावर हे दहावीच्या मुलालाही समजेल. आता ते खाऱ्या पाण्यात, भरती-ओहोटीच्या पट्ट्यात, वर्षानुवर्षं चालवून दाखवा.

आमच्याकडे पहिलं ड्रॉइंग घेऊन एक पीएचडी करणारी मुलगी आली होती. ड्रॉइंग सुंदर. बॉडी एसएस 316 ची, म्हणजे स्टेनलेसची, पट्टी माइल्ड स्टीलची, मध्ये इपॉक्सी. आमचे टर्नर काका, शिक्षण आयटीआय, चष्मा कपाळावर, ड्रॉइंग उलटसुलट बघून म्हणाले, "ताई, ही पट्टी बॉडीला इथे चिकटणार बघा. असेंब्ली करताना हमखास." ती म्हणाली काका, मध्ये इपॉक्सी आहे ना. काका म्हणाले, "इपॉक्सी भरेपर्यंत ती सरकली तर धरणार कोण?" मुद्दा लाखाचा होता. स्टेनलेस आणि माइल्ड स्टील एकमेकांना लागले आणि खाऱ्या पाण्यात गेले की बॅटरी तयार होते, माइल्ड स्टील त्या बॅटरीत खर्च होतं, आणि प्रोब ओरडायला लागतो की जहाज भराभर गंजतंय, जहाज मात्र ठीकठाक असतं. मग काकांनी डेल्रिनचा, म्हणजे टणक प्लास्टिकचा, एक कप काढला, पट्टी त्यात बसते, सरकायला जागाच नाही. ड्रॉइंगमध्ये तो नव्हता. पुढच्या ड्रॉइंगमध्ये आला.

दुसरी भानगड इपॉक्सीच्या कडेची. लॅबमधल्या बीकरमध्ये इपॉक्सी पट्टीला घट्ट धरून बसतं, समुद्रात दिवसा ऊन, रात्री गार, लाटांचा मार, मग कडेला केसाएवढी फट पडते आणि त्या फटीत बाहेरच्यापेक्षा जास्त जोरात गंज चालतो, कारण आत ऑक्सिजन पोचत नाही आणि क्लोराइड साठतं. म्हणजे तुम्ही हलचा (जहाजाच्या बाहेरच्या कवचाचा) गंज मोजत नसून स्वतःच्या प्रोबच्या फटीचा मोजताय. यावर उपाय म्हणून पट्टीची कड खरबरीत करायची, पॉटिंग (इपॉक्सी ओतणं) दोन वेळा थांबत-थांबत करायचं, आणि पट्टी बाजारातल्या कुठल्याही पत्र्याची न घेता ज्या स्टीलवर लक्ष ठेवायचंय त्याच ग्रेडची, जमलं तर त्याच प्लेटच्या तुकड्याची घ्यायची. शेवटची गोष्ट आम्हाला एका शिपयार्डच्या फोरमनने सांगितली, कुठल्या पेपरात वाचली नव्हती.

लॅबमध्ये पास आणि समुद्रात नापास हा प्रकार आजचा नाही. 1823-24 च्या सुमारास ब्रिटिश नौदलाने हम्फ्री डेव्ही या शास्त्रज्ञाला गाठलं. लाकडी जहाजांच्या तळाला तांब्याचे पत्रे मारायचे आणि ते समुद्राच्या पाण्यात झिजायचे. डेव्हीने जस्ताचे, लोखंडाचे छोटे तुकडे तांब्याला जोडले, ते तुकडे झिजले आणि तांबं वाचलं. आज जहाजाच्या तळाला जे झिंकचे अॅनोड लावतात त्यांचा मूळपुरुष हाच. प्रयोग शंभर टक्के यशस्वी, आणि जहाजं हैराण! कारण तांबं झिजताना थोडं थोडं विष पाण्यात सोडत होतं म्हणून शिंपले-शेवाळं बसत नव्हती, झिजणं थांबल्यावर तळावर सगळी वस्ती झाली आणि जहाजं मंदावली. दोन-चार वर्षांत नौदलाने ते सोडून दिलं. डेव्हीचं विज्ञान चुकलं नव्हतं, फक्त शिंपल्यांबद्दल आधी खलाशाला विचारायला हवं होतं.

आता आपल्याकडचं. गंजावर भारतात काम करणारी मोठी संस्था म्हणजे तमिळनाडूत कारैकुडीची सेक्री, सीएसआयआरची. देशाचा गंजाचा नकाशा त्यांनी केला, म्हणजे ठिकठिकाणी धातूचे तुकडे उघड्यावर मांडून कुठे किती झिजतात ते बघायचं. कंटाळवाणं काम, फोटो काढण्यासारखं अजिबात नाही, पण डिझाइन करणाऱ्याला उद्या तेच लागतं. आपल्या जवळ अंबरनाथला डीआरडीओची एनएमआरएल आहे, नौदलाची मटेरियल्सची लॅब. तिची सुरुवात 1953 मध्ये मुंबईच्या नेव्हल डॉकयार्डातच झाली होती आणि मला हे फार महत्त्वाचं वाटतं. लॅबच्या दारात जहाज उभं होतं. अॅनोड असो, जहाजाच्या तळाला बाहेरून करंट देऊन गंज थांबवायची सिस्टिम असो, अशा गोष्टी टेबलावर बसून जमत नाहीत. त्या करंटवाल्या सिस्टिममध्ये हलवर रेफरन्स इलेक्ट्रोड बसवलेला असतो, तो सतत पोटेन्शियल, म्हणजे स्वतःच्या तुलनेत स्टीलचा व्होल्टेज, सांगतो आणि त्यावरून करंट कमी-जास्त होतो. सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडच्या इलेक्ट्रोडच्या हिशोबाने उणे 800 मिलिव्होल्टच्या पलीकडे गेलं की स्टील सुरक्षित, पण उगाच फार पुढे गेलात तर पेंट उखडतो. म्हणजे इथे मोजणी हाच इलाजाचा भाग आहे.

पण माझी सगळ्यात आवडती जोडी बीएआरसी (भाभा अणुसंशोधन केंद्र) आणि इंडियन ऑइलची. पाइपलाइन जमिनीखाली, आतून-बाहेरून कुठे गंजलीय कळणार कसं? तर पाइपच्या आत एक यंत्र सोडतात, त्याला पिग म्हणतात (हसू नका, जगभर हेच नाव आहे), तेलाच्या दाबानेच ते पुढे ढकललं जातं, जाताना भिंतीला जोरदार मॅग्नेटाइज करतं, आणि जिथे भिंत पातळ झालीय तिथे चुंबकीय क्षेत्र बाहेर सांडतं ते सेन्सर टिपतात. हे तंत्र थोड्या परदेशी कंपन्यांच्या हातात होतं, त्या यंत्र विकत नसत, सर्व्हिस विकत. बीएआरसीने इलेक्ट्रॉनिक्स आणि सेन्सरची बाजू बघितली, इंडियन ऑइलकडे खऱ्या लाइन होत्या आणि त्या चालवणारी माणसं होती, आणि मिळून 12, 18, 24 इंची पाइपचे पिग झाले. यातली मेख अशी की खऱ्या चालू लाइनमध्ये स्वतःचं अर्धवट तपासलेलं यंत्र सोडायला मालकाने हो म्हणणं, ते अडकलं तर लाइन बंद! तो होकार मला सगळ्या एमओयूंपेक्षा मोठा वाटतो. आपल्या जिल्ह्यात मनमाडजवळ पानेवाडीला डेपो आहेत, मुंबईहून पाइपलाइन येते, त्या रस्त्याने जाताना शेतात पिवळे मार्कर दिसतात ना, त्याच्याखाली हेच सगळं जग आहे.

पुलांकडे येतो. पणजीचा मांडवी नदीवरचा जुना पूल जुन्या लोकांना आठवत असेल, पंधराएक वर्षांचा तरणा पूल, 5 जुलै 1986 ला कोसळला. आतल्या प्रीस्ट्रेसिंगच्या, म्हणजे ताणून काँक्रीटला आवळून धरणाऱ्या, तारा गंजल्या होत्या. या तारांची गोची अशी की साधी सळई गंजली तर फुगते, काँक्रीटला तडे जातात, पोपडे पडतात, कुणालाही दिसतं. डक्टमधली (काँक्रीटमधल्या नळीतली) तार मात्र आतल्या आत एकेक करून तुटते आणि वरून पूल छान दिसतो.

आता लंडनचा हॅमरस्मिथ फ्लायओव्हर घ्या, 1961 चा, तोही अशाच तारांवर उभा. थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात, ते वर्षानुवर्षं आत झिरपलं. पण तिथे त्यांनी ऐकायचे सेन्सर लावले होते, तार तुटली की टणकन जो आवाज काँक्रीटमधून जातो तो पकडणारे. आवाज येत गेले, उघडून बघितलं, आणि डिसेंबर 2011 मध्ये पूल बंद केला, ऑलिम्पिक सात महिन्यांवर असताना. लंडनभर बोंबाबोंब झाली. जानेवारीत हलक्या गाड्या सुरू केल्या, नव्या तारा घातल्या. तो बंद करणारा अधिकारी कोण मला माहीत नाही पण त्याला आपल्याकडे सगळ्यांनी फाडून खाल्लं असतं. सेन्सरने सांगितलं तर ऐकायचं कुणी, आणि ऐकून रस्ता बंद करायची सही कुणी करायची, ही चौथी खुर्ची. तिसरी आमच्या टर्नर काकांची.

चौथी खुर्ची रिकामी असली की काय होतं ते मी बघितलंय. एका बंदराच्या जेटीसाठी (नाव घेत नाही) आम्ही प्रोब दिले होते. लॅब चांगली, साहेब उत्साही, लॉगर (रीडिंग साठवणारं यंत्र) आणला, कॅबिनेट बसवलं. मग साहेबांची बदली झाली. पुढे आम्ही सर्व्हिसला गेलो तर कॅबिनेटची चावी कुणाकडे ते कुणाला ठाऊक नाही, कुलूप तोडावं लागलं, आत बॅटरी फुगून बसलेली, आणि रंगकाम करणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरच्या पोरांनी दोन केबल मध्ये येतात म्हणून कापून टाकल्या होत्या आणि वर छान रंग मारला होता. काकांनी प्रोब बाहेर काढून धुतला, मीटर लावला, प्रोब चालू! म्हणजे बिचारा गंजत होता, मोजत होता, सांगत होता, फक्त पलीकडे कोणी नव्हतं. प्रोजेक्टचा रिपोर्ट मात्र केव्हाच सबमिट झालेला, यशस्वी म्हणून. मला राग लॉगरचा नाही आला, लॉगर येतात जातात. करारात देखभालीचा एक ओळीचासुद्धा उल्लेख नव्हता याचा आला. तीन वर्षांचा प्रोजेक्ट आणि पन्नास वर्षांची जेटी, हे गणित जुळवायचं कुणी?

यावर लोक म्हणतात आता एआय आहे, क्लाउड आहे. असेल. कापलेल्या केबलवर क्लाउड काय करणार.

नाशिकपुरतं बोलायचं तर आपल्याकडे खारी हवा नाही, म्हणून लोक निर्धास्त असतात. पण क्लोराइड नसलं तरी कार्बोनेशन आहे. ताज्या काँक्रीटचा पीएच साडेबाराच्या पुढे असतो, त्यात सळई सुरक्षित, हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरतो आणि पीएच नऊच्या खाली आणतो, मग सळई उघडी पडल्यासारखीच. कव्हर, म्हणजे सळईवरचं काँक्रीट, कमी असेल, एक्स्पान्शन जॉइंटमधून पाणी गळत असेल तर आणखी लवकर. तपासायला महागडं काही लागत नाही. काँक्रीटचा ताजा फोडलेला भाग फिनॉल्फ्थॅलिनने भिजवा, गुलाबी झाला तर ठीक, रंगच आला नाही तर तेवढ्या खोलीपर्यंत कार्बन डायऑक्साइड पोचलेला. पुढे हाफ-सेल टेस्ट, कॉपर सल्फेटच्या निळ्या पाण्याची नळी, खाली ओला स्पंज, एक वायर सळईला, खडूने चौकोन आखून एकेक रीडिंग. उणे 350 मिलिव्होल्टच्या पलीकडे आकडा गेला तर सळई गंजत असण्याची शक्यता 90 टक्क्यांच्या वर धरतात. उणे 200 च्या अलीकडे असेल तर चहा प्यायला जायला हरकत नाही.

आणि दिंडोरी रोडला मेरी आहे की! महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, 1959 पासून. नाशिककरांच्या लेखी मेरी म्हणजे रिक्षावाल्याला सांगायचा स्टॉप, पण आत मटेरियल टेस्टिंग करणारी माणसं बसलेली आहेत. गावात इंजिनिअरिंग कॉलेजं ढीगभर, मशीन शॉप ढीगभर, ओझरला एचएएलमध्ये विमानाच्या पत्र्यावरचा गंज शोधण्यात आयुष्य घालवलेले लोक, त्यातले कितीतरी रिटायर होऊन इंदिरानगरला नातवंडं सांभाळतायत. चारही खुर्च्यांची माणसं एका शहरात आहेत आणि एकमेकांना ओळखत नाहीत.

आत्ता सिंहस्थ 2027 ची कामं चालू आहेत, काँक्रीट पडतंय. रेफरन्स इलेक्ट्रोड (मँगनीज डायऑक्साइडचा येतो, काँक्रीटमध्ये वर्षानुवर्षं राहतो) सळईला बांधायचा तो काँक्रीट ओतायच्या आधी, नंतर बसवायचा म्हणजे पूल फोडा, पॅच मारा, आणि पॅचच्या काँक्रीटमुळे रीडिंगचा गोंधळ. पुलाच्या खर्चात त्याची किंमत शोधूनही सापडणार नाही. मी एका कॉलेजच्या सरांशी बोललोय, मुलं दर सहा महिन्यांनी रीडिंग घेतील, दर बॅचच्या प्रोजेक्टमध्ये ते लिहूनच ठेवायचं म्हणजे सर बदलले तरी चालू राहील. प्रोबच्या बॉड्या आम्ही मजुरी न घेता करून देतो, काकांनी हो म्हटलंय, फक्त मटेरियलचे पैसे. कॉन्ट्रॅक्टरपैकी किंवा खात्यातल्या डेप्युटी इंजिनिअरपैकी कोणी ओळखीचं असेल, ज्याचा एखादा पिअर कॅप किंवा स्लॅब पावसाळ्यानंतर ओतायचा आहे आणि ज्याला अर्धा दिवस आमची लुडबुड चालेल, तर कमेंटमध्ये लिहा किंवा सरळ शेडवर या, रविवार सोडून. आणि करार करायचा असेल तर केबलला हात लावणारा कोण आणि कॅबिनेटची चावी कुणाकडे, ही दोन कलमं आधी लिहू, बाकी नंतर बघू.