फीत, टाचणी आणि अदलाबदलीचे झगे

मोत्सार्टच्या ‘मॅरेज ऑफ फिगारो’ या ऑपेराचे (व्हिएन्ना, १७८६) कपडे करायला घेतलेत, तर कापडाच्या दुकानात जाण्याआधी दा पोंतेने लिहिलेली त्याची संहिता वाचा. यातलं कथानकच कपड्यांवर चालतं.

केरुबिनो हा काउंटच्या वाड्यातला पोरसवदा मुलगा, पण गाते बाई. छाती सपाट दिसावी म्हणून आवळून बांधायचा मोह होतो. तो टाळाच. बरगड्या फुलल्या नाहीत तर श्वास पुरत नाही, ओळ मध्येच तुटते. त्याऐवजी कमरेला पॅडिंग द्या, छाती आणि कंबर एका रेषेत येतात. मापं कायम पूर्ण श्वास भरून घ्यायची.

दुसऱ्या अंकात काउंटेसची दासी सुझाना गाता गाता त्याला बाईच्या वेशात सजवते. तेवढ्या वेळात अख्खा झगा चढत नाही, आणि चढलाच तर पुढे खिडकीतून उडी मारताना पायात येतो. टोपडं आणि ओढणी पुरते. खरी मेख बाहीत आहे. काउंटेस बाही कोपराच्या वर सारायला सांगते आणि तिथे त्याने चोरलेली तिचीच फीत दिसते, रक्त लागलेली. बाही अरुंद शिवली की कोपरावर अडकते आणि प्रसंग हातचा जातो. म्हणून ती सैल, मनगटाला एकच बटण. फीत निदान दोन बोटं रुंद हवी. पहिल्या अंकात ती पळवताना प्रेक्षकांना नीट दिसली, तरच इथे ओळखू येते.

चौथ्या अंकात, सुझानाच्या मागे लागलेल्या काउंटला म्हणजे काउंटेसच्या नवऱ्याला पकडायला, सुझाना आणि काउंटेस आपसात वेश बदलतात. काउंट फसायला हवा, प्रेक्षक नाही. दोघींची मापं वेगळी, म्हणून दोन्ही पोशाख दोन्ही मापांत, एकूण चार शिवायचे, कापड मात्र एकाच ठाणातलं. प्रसंग रात्रीच्या बागेतला. निळ्या उजेडात लाल काळा पडतो. दोन्ही वेश गडद असले तर कोण कोणाच्या कपड्यांत आहे ते कळतच नाही. मूळ नाटककार बोमार्शेने १७८५च्या छापील नाटकात सुझानाला पांढरा पोशाख सांगितलाय, तो इथे फार कामी येतो. चेहरा झाकणारं कापड झिरझिरीत घ्या आणि कान मोकळे ठेवा. वाद्यवृंद ऐकू आला नाही की सूर ढळतो.

आणि टाचणी. तिसऱ्या अंकात काउंटला पाठवायच्या चिठ्ठीला मोहोर म्हणून सुझाना जी देते, ती तिच्या पोशाखावर आधीपासून दिसायला हवी. टोक घासून बोथट करा, डोकं मोठं आणि चकाकतं ठेवा. नाहीतर ती परत पोचवायला निघालेली माळ्याची पोर बार्बारिना अंधारात काय हरवलं म्हणून इतकी कासावीस होऊन गातेय, तेच कळत नाही.