सगळ्या खुणा एकाच पेनाच्या

त्या दिवशी राजारामपुरीतल्या माझ्या फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये करवीर तालुक्यातल्या एक मावशी तिसऱ्यांदा आल्या. वय पन्नाशीचं, घरी चार म्हशी. खोकताना, शिंकताना, वैरणीचा भारा उचलताना लघवी सुटायची. जोतिबाचा डोंगर चढणं त्यांनी बंद केलं होतं. का, ते घरात कुणालाच माहीत नव्हतं.

लघवी धरून ठेवणाऱ्या, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंच्या व्यायामाचा तक्ता त्यांनी पुढे ठेवला. तीन आठवडे, रोज तीन वेळा, एकही खूण चुकलेली नाही. पण सगळ्या खुणा एकाच पेनाच्या, एकाच बैठकीतल्या. म्हटलं, एकदा करून दाखवा. त्यांनी श्वास कोंडला आणि खाली जोर दिला. नेमकं उलटं! वायू अडवताना आवळतो तसं आत, वरच्या बाजूला ओढायचं, पाच मोजेपर्यंत धरायचं, मग पूर्ण सैल सोडायचं. श्वास चालूच ठेवायचा.

मला राग आला होता, तो आवाजात उतरला असणार. मावशी खाली बघत म्हणाल्या, "खोटं लिवलंय मी, मॅडम. तुमी एवढं जीव तोडून सांगता, कोरा कागद कसा आनू? दिवसा उताना पडलो की सासू इचारती काय झालं. काय सांगू तिला?"

उताणं झोपून करा, हे मीच सांगितलं होतं. त्यांचा दिवस कसा जातो ते मी विचारलंच नव्हतं. अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगल यांनी १९४८ साली मांडलेल्या या व्यायामात गोळी नाही, सुई नाही. निदान तीन महिने नेटानं करावा लागतो. ते तीन महिने गोठ्यातून, चुलीपुढूनच जाणार, हे मला आधी सुचायला हवं होतं.

मग नव्यानं बसलो. पहाटेची धार, संध्याकाळची धार आणि रात्री अंथरुणावर. धारेला बसल्या बसल्या आठ-दहा वेळा आवळायचं. शेजारी बसलेल्यालाही कळत नाही. भारा उचलण्याआधी, खोकला येतोय असं वाटलं की आधी आवळून धरायचं. कागदाऐवजी गोठ्याच्या भिंतीवर खडूची रेघ. आणि चुकलं तर जागा मोकळी सोडा, मला तीच बघायची आहे, असं बजावलं.

सहा आठवड्यांनी त्यांनी मोबाईलवर भिंतीचा फोटो दाखवला. धारेच्या वेळच्या रेघा जवळजवळ रोजच्या, रात्रीच्या विरळ. दिवसाला तीन कापडं लागायची, आता एक.

"रातीचं ऱ्हातंय बघा. पडलं की डोळा लागतोय."

रात्रीचं आम्ही दुपारच्या भाकरीवर आणलं.