कॉलेज हॉकीतील पूर्व, पश्चिम आणि शेजारी

२०२३ च्या मार्चमध्ये अमेरिकेतील महाविद्यालयीन आइस हॉकीच्या राष्ट्रीय स्पर्धेची 'मिडवेस्ट' विभागीय फेरी पेनसिल्व्हेनिया राज्यातील ॲलनटाउन या शहरात खेळवली गेली. हे शहर न्यू यॉर्कपासून मोटारीने दोनेक तासांवर आहे आणि तेथील रहिवासी स्वतःला मध्यपश्चिमेचे मानत असतील, असे मला मुळीच वाटत नाही. २०१८ आणि २०१९ मध्येही हेच घडले होते. आपल्याकडे दुलीप करंडकासाठी मुंबई आणि महाराष्ट्र पश्चिम विभागात, तर विदर्भ मध्य विभागात जातो, तेव्हा खेळाचा नकाशा भूगोलाच्या नकाशाहून वेगळा असू शकतो हे मराठी वाचकाला ठाऊकच आहे. पण कॉलेज हॉकीचा नकाशा इतका स्वतंत्र आहे, आणि त्यावरून चाहते एकमेकांना इतक्या हौसेने डिवचतात, की मिनेसोटात राहायला आल्यापासून मी या खेळाइतकाच या नकाशाच्याही प्रेमात पडलो आहे.

हा नकाशा १९४८ मध्ये आखला गेला. कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या ब्रॉडमूर रिंकवर पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, तेव्हा चार संघांना बोलावणे होते: पूर्वेकडून डार्टमथ आणि बोस्टन कॉलेज, पश्चिमेकडून मिशिगन आणि कोलोरॅडो कॉलेज. मिशिगनने डार्टमथला हरवून विजेतेपद मिळवले आणि तेव्हापासून हॉकीची 'पश्चिम' पंचमहासरोवरांच्या काठापासून सुरू होते. मिशिगन, विस्कॉन्सिन, मिनेसोटा, नॉर्थ डकोटा आणि कोलोरॅडो ही ती पश्चिम. न्यू इंग्लंड म्हणजे ईशान्येकडील सहा राज्ये आणि न्यू यॉर्क राज्य ही पूर्व. पॅसिफिकच्या किनाऱ्यावर या खेळाचा जवळपास मागमूस नाही, आणि दक्षिणेचा एकांडा प्रतिनिधी असलेल्या अलाबामा-हंट्सविलने २०२१ मध्ये आपला संघ बंद केला. लीगची नावे तर दिशांशी आणखीच फटकून वागतात. रॉकी पर्वताच्या पायथ्याशी असलेली वायुदल अकादमी अटलांटिक महासागराच्या नावाच्या लीगमध्ये खेळते, आणि इंडियाना राज्यातील नोत्र दाम २०१३ ते २०१७ या काळात 'हॉकी ईस्ट'चा सभासद होता.

आता क्रमवारीकडे येतो, कारण चिडवाचिडवीचा खरा दारूगोळा तिथेच साठलेला आहे. प्रशिक्षक आणि पत्रकार यांच्या मतांवर आधारलेल्या साप्ताहिक क्रमवाऱ्या जाहीर होतात आणि त्यांवर आठवडाभर वाद रंगतो, पण राष्ट्रीय स्पर्धेच्या सोळा जागा ठरवताना या मतांना काडीचीही किंमत नसते. सहा लीगच्या विजेत्यांना थेट प्रवेश मिळतो आणि उरलेल्या दहा जागा निव्वळ गणिताने भरल्या जातात. अनेक वर्षे हे गणित 'पेअरवाइज' पद्धतीने होत असे. प्रत्येक संघाची दुसऱ्या प्रत्येक संघाशी स्वतंत्र तुलना करायची. आपसातील सामने, समान प्रतिस्पर्ध्यांविरुद्धची कामगिरी आणि 'आरपीआय' हा निर्देशांक पाहून प्रत्येक तुलनेचा विजेता ठरवायचा. आणि अशा जिंकलेल्या तुलनांच्या संख्येवरून क्रम लावायचा. या आरपीआयमध्ये स्वतःच्या विजयांना २५ टक्के, प्रतिस्पर्ध्यांच्या विजयांना २१ टक्के आणि प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांच्या विजयांना ५४ टक्के भार असे. म्हणजे तुमच्या प्रतिस्पर्ध्यांशी खेळलेल्या संघांच्या निकालांवर तुमचे निम्म्याहून अधिक नशीब अवलंबून राहायचे, आणि त्यांतील कित्येकांशी तुमची कधी गाठही पडलेली नसे. २०२५-२६ च्या मोसमापासून पुरुषांच्या स्पर्धेसाठी पेअरवाइजची जागा 'एनपीआय' या एकाच निर्देशांकाने घेतली आहे. त्यात संघासंघांची थेट तुलना नाही, पण तुम्ही कोणाशी खेळलात आणि ते किती बलवान निघाले, हा गाभा तसाच आहे.

पूर्व-पश्चिम वाद या गणितातूनच का पेटता राहतो, हे समजून घेण्यासारखे आहे. बहुतेक सामने लीगअंतर्गत होतात. पूर्वेचा संघ पश्चिमेला जातो तो मुख्यतः मोसमाच्या सुरुवातीला किंवा नाताळच्या आसपास, आणि त्यातही आयव्ही लीगची (हार्वर्ड, येल, कॉर्नेल यांसारखी) विद्यापीठे इतरांच्या बरीच मागाहून मैदानात उतरतात व नियमित मोसमात २९ सामने खेळतात, तर बाकीच्यांना ३४ खेळता येतात. परिणाम असा की फेब्रुवारीत बोस्टनच्या संघाची कोलोरॅडोतील डेन्व्हरशी तुलना करताना त्या साऱ्या आकडेमोडीचा डोलारा शरद ऋतूतील मोजक्या आंतरविभागीय सामन्यांवर उभा असतो. पश्चिमेचे चाहते म्हणतात की पूर्वेचे संघ बसने दोन तासांवरच्या दुबळ्या शेजाऱ्यांना हरवून गुण गोळा करतात. पूर्वेचे चाहते म्हणतात की पश्चिमेच्या तीन-चार मातब्बर संघांच्या जिवावर त्यांची अख्खी लीग फुगते. दोन्ही आरोपांत तथ्य आहे, आणि ते खोडून काढण्याइतके सामने कधीच होत नाहीत. निकालांनी तरी काय ठरवले? २०१३ ते २०२५ या काळात बारा विजेतेपदे दिली गेली, कारण २०२० ची स्पर्धा करोनामुळे रद्द झाली. त्यांपैकी पाच पूर्वेकडे गेली आणि सात पश्चिमेकडे, आणि त्या सातांतील तीन एकट्या डेन्व्हरची आहेत. एवढ्यावर कोणी कोणाचे तोंड बंद करू शकत नाही.

मला सर्वाधिक भावणारी गोष्ट मात्र वेगळीच आहे. ही क्रमवारी माणसाला शेजाऱ्याचे भले चिंतायला लावते. मिनेसोटा आणि नॉर्थ डकोटा यांच्यातील वैर या खेळातील सर्वांत कडवट वैरांपैकी एक आहे. पण मोसमात एकदा त्यांच्याशी खेळून झाले की पुढे नॉर्थ डकोटाचा प्रत्येक विजय मिनेसोटाचा निर्देशांक थोडासा वर नेतो. मोसम संपत आला की शनिवारी रात्री मिनेसोटाच्या मॅरियुची अरीनामध्ये सामन्याच्या मध्यंतरात लोक काय करतात ते पाहावे. माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक निवृत्त शिक्षक बसतात. मरून रंगाची विणलेली टोपी, गुडघ्यावर घडी घातलेला कार्यक्रम, आणि हातात फोन. हातमोजा दातांनी ओढून काढून ते अंगठ्याने एकेक निकाल वर सरकवत जातात. ग्रँड फोर्क्समध्ये नॉर्थ डकोटा एका गोलने पुढे असल्याचे दिसले की त्यांच्या चेहऱ्यावर समाधान आणि त्रास एकाच वेळी उमटतात. "जिंकू देत त्यांना," ते एकदा मला म्हणाले, "पण तो सामना मला पाहायला सांगू नका." इतक्या वर्षांच्या वैराला गणिताने घातलेली ही मुरड मला फार मोलाची वाटते.

अर्थात हृदय नेहमीच गणिताचे ऐकते असे नाही, आणि त्याचा सर्वांत ठळक पुरावा २००६ च्या मार्चमधला आहे. पश्चिम विभागीय फेरी नॉर्थ डकोटाच्या स्वतःच्या राल्फ एंगेलस्टॅड अरीनामध्ये होती. पहिल्याच सामन्यात बलाढ्य मिनेसोटासमोर मॅसॅच्युसेट्समधील वूस्टर येथील होली क्रॉस हे लहानसे कॉलेज उभे ठाकले. हिरव्या जर्सी घातलेल्या यजमान प्रेक्षकांनी या अनोळखी पूर्वेकडच्या पाहुण्यांना आपलेसे केले, आणि होली क्रॉसने जादा वेळेत ४-३ असा विजय मिळवला तेव्हा सारे सभागृह दुमदुमून गेले. त्या प्रेक्षकांच्या लेखी पूर्व आणि पश्चिम ही विभागणी त्या दिवशी अस्तित्वातच नव्हती. सीमेपलीकडचे राज्य हरले, एवढेच पुरेसे होते. पुढच्याच सामन्यात नॉर्थ डकोटाने त्याच होली क्रॉसला ५-२ असे हरवले. अमेरिकेतील प्रादेशिक अस्मिता समजून घ्यायची असेल तर मी हा प्रसंग सांगतो. दूरच्या प्रदेशाबद्दल माणसाची मते असतात, पण राग, ईर्ष्या आणि जिव्हाळा हे सगळे तो नदीपलीकडच्या गावासाठी राखून ठेवतो.

म्हणूनच २०१३ मध्ये झालेली लीगची फेररचना इतक्या लोकांना बोचली. पेन स्टेटने प्रथम श्रेणीत संघ उतरवल्यावर बिग टेन या मोठ्या विद्यापीठांच्या क्रीडासंघटनेने स्वतःची हॉकी लीग सुरू केली, मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन तिकडे गेले, नॉर्थ डकोटा आणि डेन्व्हरसारखे संघ एनसीएचसी या नव्या लीगमध्ये एकत्र आले, आणि दरवर्षी ठरलेल्या कितीतरी गाठीभेटी एका फटक्यात संपल्या. दूरचित्रवाणीच्या पैशांचा हिशेब मला समजतो, पण शेजाऱ्याशी भांडण्याची हक्काची तारीखच काढून घेतली, तर त्या अस्मितेला खाद्य कोण पुरवणार, हा प्रश्न मला तेव्हाही छळत होता आणि आजही छळतो.

पूर्वेकडेही हाच नियम लागू पडतो. बोस्टनमध्ये फेब्रुवारीतील पहिल्या दोन सोमवारी होणाऱ्या बीनपॉट स्पर्धेत बोस्टन युनिव्हर्सिटी, बोस्टन कॉलेज, हार्वर्ड आणि नॉर्थईस्टर्न हे चारच संघ १९५२ पासून खेळत आले आहेत. राष्ट्रीय क्रमवारीत या निकालांचे जे मोल असते, त्याच्या कितीतरी पट मोल त्यांना शहरात असते. कॉर्नेल आणि हार्वर्ड यांच्यातील थट्टा तर प्रादेशिक अस्मितेचा उत्तम नमुना आहे. कॉर्नेलमध्ये शेतकी महाविद्यालय आहे, म्हणून १९७० च्या दशकात हार्वर्डच्या समर्थकांनी त्यांना हिणवण्यासाठी कोंबडी आणल्याची गोष्ट सांगतात. त्यावर कॉर्नेलकरांनी बोस्टनच्या मासेमारीची आठवण करून देत मासे फेकले, आणि तेव्हापासून हार्वर्डचा संघ कॉर्नेलच्या इथाकातील लायना रिंकवर उतरला की बर्फावर माशांचा वर्षाव होतो. जेमतेम चार हजारांच्या त्या जुन्या रिंकमध्ये पाहुण्या संघाची ओळख करून दिली जात असताना सगळे विद्यार्थी वर्तमानपत्रे उघडून चेहऱ्यासमोर धरतात, जणू समोर पाहण्यासारखे काहीच घडत नाही. ओळख संपली की त्याच कागदांचे बोळे हवेत उडतात.

मिशिगन राज्यातील चिडवाचिडवी मी थोडक्यात सांगतो. मॅकिनॅक पुलाच्या उत्तरेकडील द्वीपकल्पातले लोक स्वतःला 'यूपर' म्हणवतात आणि पुलाच्या 'खाली' राहणाऱ्या दक्षिणेकडील लोकांना 'ट्रोल' म्हणतात. हॉटनचे मिशिगन टेक, मार्केटचे नॉर्दर्न मिशिगन आणि सू सेंट मेरीचे लेक सुपीरियर स्टेट हे तिन्ही संघ त्या बर्फाळ द्वीपकल्पातले आहेत, आणि तिघांच्याही नावावर राष्ट्रीय विजेतेपदे आहेत. ॲन आर्बरच्या मिशिगनसारख्या श्रीमंत विद्यापीठाशी सामना असला की यूपरांना वेगळी प्रेरणा लागत नाही.

प्रदेशाचा हा अभिमान कधीकधी थट्टेपलीकडे जाऊन धोरणाचा प्रश्न बनतो. १९५८ मध्ये पश्चिमेतील लीग मोडली ती वयाने मोठ्या कॅनेडियन खेळाडूंच्या भरतीवरून. मिनेसोटाच्या लोहखाणींच्या पट्ट्यातील एव्हेलेथ गावातून आलेले मिनेसोटा विद्यापीठाचे प्रशिक्षक जॉन मॅरियुची यांचे म्हणणे असे की अमेरिकी विद्यापीठांनी अमेरिकी मुलांना संधी द्यावी, आणि डेन्व्हर नेमके कॅनेडियन खेळाडूंच्या बळावर जिंकत होते. हा वाद आता नव्याने उकरला गेला आहे, कारण ऑगस्ट २०२५ पासून कॅनडाच्या मोठ्या ज्युनिअर लीगमधील खेळाडूंनाही अमेरिकी कॉलेजांत खेळण्याची मुभा मिळाली आहे. मॅरियुचींच्या भूमिकेचे फळ १९८० च्या ऑलिम्पिक संघात दिसले, असे मला ठामपणे वाटते. लेक प्लॅसिडमध्ये सोव्हिएत संघाला ४-३ असे हरवणाऱ्या त्या वीस जणांत बारा मिनेसोटा राज्यातले होते आणि चार बोस्टन युनिव्हर्सिटीचे. मिनेसोटा आणि बोस्टन युनिव्हर्सिटी या दोन विद्यापीठांत १९७६ च्या राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात मोठी हाणामारी झाली होती आणि त्याची कटुता सराव शिबिरापर्यंत पोहोचली होती. मिनेसोटाच्या हर्ब ब्रूक्स यांनी संघ बांधला, आणि निर्णायक गोल केला तो बोस्टनच्या माइक इरुझिओनी याने.

क्रमवारीवर अति विसंबणाऱ्यांना मी २०१३ चे उदाहरण देतो. त्या वर्षी कनेक्टिकटमधील क्विनिपियाक अव्वल मानांकित होते, आणि काही मैलांवरच्या येलला गणिताने अगदी अखेरच्या जागेवर स्पर्धेत घेतले होते. मोसमात क्विनिपियाकने येलला तिन्ही वेळा हरवले होते. पिट्सबर्गच्या अंतिम सामन्यात तेच दोन शेजारी समोरासमोर आले आणि येलने ४-० असा विजय मिळवला.

माझी एक मागणी आहे, आणि ती मी चाहत्याच्या नात्याने पूर्ण गांभीर्याने मांडतो. विभागीय फेऱ्या त्रयस्थ शहरांत खेळवणे थांबवून वरच्या मानांकनाच्या संघाच्या स्वतःच्या रिंकवर त्या घ्याव्यात. महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धेत सुरुवातीच्या फेऱ्या विद्यापीठांच्या रिंकवरच होतात, आणि तेथील वातावरण दूरचित्रवाणीवरही जाणवते. त्रयस्थ ठिकाणी दुपारच्या सामन्याला अनेकदा ओळीच्या ओळी रिकाम्या दिसतात, बँडचा आवाज सिमेंटच्या भिंतींवर आदळून परत येतो, आणि ज्या गावाने मोसमभर संघाला पोसले ते गाव शेकडो मैल दूर असते. यजमानपदाचा लाभ अन्यायकारक आहे असा आक्षेप घेतला जातो, पण तो लाभ संघाने सहा महिने खेळून कमावलेला असतो. शिवाय पूर्वेच्या संघाला हॉटनच्या बर्फात आणि पश्चिमेच्या संघाला लायनाच्या वर्तमानपत्रांसमोर खेळावे लागले, तर पूर्व-पश्चिम तुलनेसाठी निदान वर्षाकाठी काही सामने तरी असे मिळतील, ज्यांचा निकाल दोन्ही बाजूंचे चाहते जन्मभर विसरणार नाहीत.